जुनी अमेरिकन सुवर्णनाणी : मोडीचा भाव आणि दुर्मीळपणाचा भाव

वीस डॉलरच्या जुन्या अमेरिकन सुवर्णनाण्याला दोन भाव असतात. पहिला मोडीचा. नाण्याचं वजन ३३.४३६ ग्रॅम, सोनं हजारात नऊशे कसाचं, म्हणजे आत शुद्ध सोनं ०.९६७५ ट्रॉय औंस. ग्रॅममध्ये सांगायचं तर तीसच्या किंचित वर. बाजारात सोनं औंसाला ४,००० डॉलर आहे असं धरलं, तर नाणं वितळवून ३,८७० डॉलर हाती येतील. दुसरा भाव दुर्मीळपणाचा. त्याच वजनाचं, त्याच कसाचं, तेच चित्र असलेलं दुसरं नाणं लिलावात लाखो डॉलरला जातं, कारण त्यावरचं साल वेगळं असतं किंवा टांकसाळीचं बारीकसं अक्षर वेगळं असतं.

या नाण्यांत पैसे गुंतवायचे असतील तर प्रत्येक खरेदीआधी हे दोन भाव कागदावर वेगवेगळे मांडायला हवेत. मी देतोय त्या रकमेपैकी सोन्याचे किती आणि दुर्मीळपणाचे किती? सोन्याचा भाव जगात कुणालाही कळतो, त्यासाठी अभ्यास लागत नाही. दुर्मीळपणाचा भाव फक्त जाणकाराला कळतो. म्हणून जितकी आपली जाण, तितकेच पैसे दुर्मीळपणासाठी मोजावेत. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका नियमाभोवती आहे.

दागिना मोडताना मजुरी बुडते, हे आपल्या घरांत प्रत्येकाला ठाऊक असतं. नाण्यातला जादा भाव मात्र नीट निवड केली तर टिकतो आणि कधी वाढतोही. चुकीची निवड केली तर तोही मजुरीसारखाच बुडतो. न्यू जर्सी, टेक्सस किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही नाणी तिथल्या दुकानांत आणि प्रदर्शनांत सहज दिसतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. भारतात राहून अशी खरेदी करू पाहणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

नाण्यांची ओळख

अमेरिकेचा टांकसाळ कायदा १७९२ चा. त्याने दहा डॉलरचं ईगल, पाच डॉलरचं हाफ ईगल आणि अडीच डॉलरचं क्वार्टर ईगल अशी सुवर्णनाणी ठरवली, आणि १७९५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून पहिली सुवर्णनाणी बाहेर पडली. चांदीच्या तुलनेत कायद्याने सोन्याचा भाव कमी धरला होता, त्यामुळे ही नाणी परदेशी जात आणि वितळत. १८३४ मध्ये वजन कमी केल्यावर हा ओघ थांबला. म्हणूनच १८३४ च्या आधीचं कोणतंही अमेरिकन सुवर्णनाणं आज दुर्मीळ आणि महाग आहे. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

१८३७ पासून कस हजारात नऊशे ठरला. आपल्या हिशोबात २१.६ कॅरेट, म्हणजे बावीस कॅरेटच्या थोडा खाली. ईगलचं वजन १६.७१८ ग्रॅम, हाफ ईगलचं ८.३५९ आणि क्वार्टर ईगलचं ४.१८. हे आकडे पाठ असावेत.

जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात कोलोमा इथे सोनं सापडलं आणि सगळं चित्र बदललं. इतकं सोनं नाण्यांत उतरवायला मोठं नाणं हवं होतं. १८४९ च्या कायद्याने एक डॉलरचं चिमुकलं नाणं आणि वीस डॉलरचं डबल ईगल, दोन्ही आणली. लिबर्टीच्या शिराचं डबल ईगल १८५० पासून १९०७ पर्यंत पाडलं गेलं. ते जेम्स लाँगेकर यांनी घडवलं. तीन डॉलरचं एक वेगळं नाणंही १८५४ ते १८८९ पर्यंत निघालं.

अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना देशाची नाणी कलाहीन वाटत. त्यांनी शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांना नवी नाणी घडवायला सांगितलं. हातात मशाल आणि ऑलिव्हची फांदी घेऊन चालत येणारी लिबर्टी आणि मागे उडणारा गरुड असलेलं १९०७ चं डबल ईगल पुष्कळांना अमेरिकेचं सर्वांत देखणं नाणं वाटतं. त्याचा पहिला उठाव इतका खोल होता की एकेका नाण्यावर छापयंत्राचे अनेक घाव घालावे लागत. रोमन आकड्यांत साल असलेली अशी सुमारे बारा हजार नाणी निघाली. मग टांकसाळीने उठाव कमी केला. सेंट-गॉडन्स ऑगस्ट १९०७ मध्ये वारले, नाणी चलनात आलेली त्यांनी पाहिली नाहीत. अडीच आणि पाच डॉलरच्या नाण्यांवर १९०८ पासून बेला लायन प्रॅट यांनी घडवलेलं इंडियन शिर आलं. त्यातलं चित्र पृष्ठभागाच्या वर उठलेलं नसून आत कोरलेलं आहे.

टांकसाळीचं अक्षर ओळखायला शिकणं हा पहिला धडा. फिलाडेल्फियाला अक्षर नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं एस, न्यू ऑर्लिन्सचं ओ, नेवाडातल्या कार्सन सिटीचं सीसी. शार्लटचं सी आणि डालोनेगाचं डी. या दक्षिणेतल्या सोन्याच्या खाणींजवळच्या दोन छोट्या टांकसाळी, दोन्ही १८३८ ते १८६१ पर्यंत चालल्या आणि यादवी युद्धात बंद पडल्या. डी हेच अक्षर १९०६ पासून डेन्व्हरचं झालं. त्यामुळे अक्षर वाचताना साल सोबत वाचावं लागतं.

१९३३ मध्ये काय झालं

५ एप्रिल १९३३ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढला : लोकांनी आपली सोन्याची नाणी, लगडी आणि सुवर्णपत्रं १ मेपर्यंत जमा करावीत, औंसाला २०.६७ डॉलर मिळतील. माणशी शंभर डॉलरपर्यंतची नाणी आणि संग्राहकांच्या दृष्टीने खास मोल असलेली दुर्मीळ नाणी यांना सूट होती. पुढच्या वर्षी सरकारने सोन्याचा भाव ३५ डॉलर केला. जमा झालेली नाणी वितळवून लगडी केल्या गेल्या. खासगी सोनं बाळगण्यावरचा निर्बंध उठला तो थेट ३१ डिसेंबर १९७४ रोजी. ज्यांच्या घरात भारतातलं १९६३ चं सुवर्णनियंत्रण आणि चौदा कॅरेटची सक्ती आठवते, त्यांना हा काळ समजायला वेळ लागणार नाही.

आज उपलब्ध असलेल्या नाण्यांपैकी फार मोठा हिस्सा या वितळभट्टीतून वाचला, कारण ती नाणी तेव्हा अमेरिकेत नव्हतीच. आंतरराष्ट्रीय देण्याघेण्यात ती थैल्या भरून युरोपातल्या बँकांत गेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती हळूहळू परत आली. म्हणून कोणत्या सालाची नाणी युरोपात गेली आणि कोणत्या सालाची टांकसाळीच्या तिजोरीतच राहून वितळली, यावर आजचा दुर्मीळपणा ठरला आहे.

१९३३ च्याच डबल ईगलची गोष्ट गुंतवणूकदाराने नीट समजून घ्यावी. ४,४५,५०० नाणी पाडली गेली, पण चलनात एकही आलं नाही. दोन नाणी स्मिथसोनियन संस्थेकडे गेली, बाकी वितळवायची होती. काही बाहेर निसटली. त्यातलं एक इजिप्तचे राजे फारूक यांच्याकडे पोहोचलं होतं. पुढे तेच कायदेशीर तडजोडीनंतर २००२ मध्ये सुमारे ७६ लाख डॉलरला आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकलं गेलं. दुसरीकडे, २००४ मध्ये एका कुटुंबाने आपल्याकडची दहा नाणी अस्सलपणा तपासायला टांकसाळीकडे दिली, तेव्हा सरकारने ती आपलीच चोरीला गेलेली मालमत्ता म्हणून ठेवून घेतली आणि बरीच वर्षं चाललेल्या खटल्यात अखेर सरकार जिंकलं. नाणं कितीही अस्सल असलं तरी त्यावरचा हक्कही स्वच्छ असावा लागतो.

पाडली किती, उरली किती

पुस्तकात प्रत्येक सालाचा टांकसाळीचा आकडा दिलेला असतो. नवखा माणूस तो आकडा बघून दुर्मीळपणा ठरवतो आणि फसतो. १९२७ मध्ये डेन्व्हरने १,८०,००० डबल ईगल पाडली. आज त्यांतली वीसही ठाऊक नाहीत, बाकी सगळी वितळली. उलट कार्सन सिटीची कित्येक सालं अवघ्या काही हजारांत पाडलेली, तरी ती बाजारात नियमित दिसतात. भाव ठरवायचा तो उरलेल्या नाण्यांवरून आणि ती मागणाऱ्यांच्या संख्येवरून.

मागणीची बाजूही महत्त्वाची आहे. कार्सन सिटीची नाणी नेवाडातल्या चांदीच्या खाणींच्या काळाशी जोडलेली, त्यामुळे ती हवी असणारे लोक पुष्कळ. तितकीच दुर्मीळ पण अनोळखी असलेली दहा डॉलरची काही नाणी कमी भावात मिळतात, कारण त्या मालिकेतली सगळी सालं जमवणारे संग्राहक मोजके. विकायची वेळ येईल तेव्हा गिऱ्हाईक किती असेल, याचा विचार खरेदीच्या दिवशीच करावा.

उरलेल्यांचा आकडाही कायम नसतो. सप्टेंबर १८५७ मध्ये सोन्याने भरलेलं एसएस सेंट्रल अमेरिका हे जहाज कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर चक्रीवादळात बुडालं. १९८८ मध्ये ते समुद्रतळाशी सापडलं आणि त्यातून १८५७ ची सॅन फ्रान्सिस्कोची पाच हजारांहून अधिक डबल ईगल वर आली. न वापरलेल्या अवस्थेत क्वचितच दिसणारं हे साल एका झटक्यात सहज मिळणारं झालं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका दांपत्याला आपल्याच जमिनीत पुरलेल्या डब्यांत १,४२७ सुवर्णनाणी मिळाली. असे साठे पुढेही निघू शकतात. म्हणून सगळे पैसे एकाच सालाच्या दुर्मीळपणावर लावू नयेत.

प्रत आणि स्लॅब

अमेरिकन नाण्यांची प्रत एक ते सत्तर या मापाने ठरते. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटसाठी हे माप मांडलं, ते आता सर्व नाण्यांना लागू आहे. साठ आणि त्यावर म्हणजे चलनात न फिरलेलं, त्याला एमएस म्हणतात. पन्नास ते अठ्ठावन्न म्हणजे अगदी थोडं झिजलेलं, ते एयू. एमएस-६० आणि एमएस-६५ या दोन्हींत झीज नसते. फरक असतो तो ओरखडे, चकाकी आणि ठशाची सफाई यांचा. ही नाणी थैल्यांत एकमेकांवर आपटत प्रवास करत आणि सोनं मऊ, त्यामुळे डबल ईगलवर लिबर्टीच्या गालावर व्रण असणं साहजिकच आहे. व्रण कमी, तेवढी प्रत वर.

प्रत ठरवणाऱ्या दोन कंपन्यांवर बाजाराचा विश्वास आहे : १९८६ मध्ये काम सुरू केलेली पीसीजीएस आणि १९८७ मधली एनजीसी. त्या नाणं तपासून पारदर्शक, मोहोरबंद प्लास्टिकच्या पेटीत घालतात. तीच स्लॅब. आत नाव, साल, प्रत आणि क्रमांक असतो. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंद दिसते, पुष्कळ नाण्यांचं छायाचित्रही दिसतं. २००७ पासून सीएसी ही संस्था स्लॅबमधलं नाणं आपल्या प्रतीत पक्कं बसतं का हे पुन्हा तपासते आणि पसंत पडल्यास हिरवं लेबल लावते. दोन एमएस-६४ नाण्यांपैकी हिरवं लेबल असलेलं नाणं बाजारात जास्त भाव घेतं.

इतर नावांच्या कंपन्यांच्या स्लॅबवर लिहिलेली प्रत मनात धरू नये. अशा पेटीतलं नाणं मोडीच्या भावाच्या आसपास मिळालं तरच घ्यावं. आणि स्लॅब कुणाचीही असो, नाणं डोळ्यांनी पाहूनच घ्यावं. एकाच प्रतीत देखणी आणि ओबडधोबड अशी दोन्ही नाणी असतात. विकताना देखण्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

दोन्ही कंपन्या आजवर कोणत्या प्रतीत किती नाणी तपासली याचे तक्ते प्रसिद्ध करतात. ते जरूर पाहावेत, पण एक लक्षात ठेवावं : एकच नाणं वरची प्रत मिळेल या आशेने पेटी फोडून पुन्हा पुन्हा पाठवलं जातं आणि प्रत्येक वेळी नव्याने मोजलं जातं. म्हणून तक्त्यातला आकडा खऱ्यापेक्षा मोठा असू शकतो.

सुरुवात कोणत्या नाण्यांनी करावी

पहिलं नाणं असं घ्यावं की चूक झाली तरी नुकसान थोडं होईल. १९०४ चं फिलाडेल्फियाचं लिबर्टी डबल ईगल साठ लाखांहून जास्त पाडलं गेलं आणि खूप उरलं आहे. १९२४ चं सेंट-गॉडन्स त्रेचाळीस लाखांच्या वर. एमएस-६२ किंवा ६३ प्रतीत ही नाणी मोडीच्या भावापेक्षा फार वर नसतात. इथे आपण मुख्यतः सोनं घेतो आणि जोडीला थोडा इतिहास. सोन्याचा भाव झपाट्याने चढतो तेव्हा या सामान्य नाण्यांचा जादा भाव आकसतो. ज्याला अशी नाणी जमवायचीच आहेत, त्याने तीच संधी साधावी.

त्यानंतर एक छोटा संच ठरवावा. अडीच डॉलरच्या इंडियन शिराची मालिका मला नवशिक्यांसाठी सर्वांत चांगली वाटते. १९०८ ते १९२९ मधली सगळी सालं आणि टांकसाळी मिळून नाणी पंधराच. त्यांतलं एकच खरं अवघड, १९११ चं डेन्व्हरचं, ज्याची ५५,६८० नाणी पाडली गेली. बाकीची चौदा सावकाश, बघून-पारखून घेता येतात आणि तेवढ्यात प्रत, चकाकी, टांकसाळीचं अक्षर यांची नजर तयार होते. १९११ डी घेताना मात्र अक्षर स्पष्ट आहे ना, हे भिंगाखाली पाहावं आणि ते फक्त पीसीजीएस किंवा एनजीसीच्या स्लॅबमधलंच घ्यावं, कारण खरेदीदाराला फसवायला हे अक्षर वरून चिकटवलेलंही असतं.

दुसरा चांगला मार्ग म्हणजे प्रकारसंच. एक डॉलरच्या नाण्याचे तीन प्रकार, तीन डॉलरचं एक, आणि अडीच, पाच, दहा, वीस डॉलरचं प्रत्येकी एक लिबर्टीचं आणि एक विसाव्या शतकातलं, अशी बारा नाणी. यात अमेरिकेच्या सोन्याच्या चलनाची जवळजवळ शतकभराची वाटचाल हाताशी येते आणि एकेका प्रकारातलं सहज मिळणारं साल निवडलं की खर्चही आवाक्यात राहतो.

दुर्मीळ नाणी, म्हणजे शार्लट, डालोनेगा, कार्सन सिटी किंवा १९०७ चं खोल उठावाचं नाणं, ही तिसरी पायरी. त्यासाठी निदान वर्ष-दोन वर्षं अभ्यास हवा. दक्षिणेतल्या छोट्या टांकसाळींची नाणी मुळातच अर्धवट उमटलेली असत. त्यांत खरी झीज कुठली आणि ठशाचा कमकुवतपणा कुठला, हे ओळखायला अनेक नाणी नजरेखालून जावी लागतात.

खोटी नाणी आणि खराब केलेली नाणी

सुवर्णनाण्यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. खोटं नाणं पुष्कळदा खऱ्या सोन्याचं असतं. दुर्मीळ सालाचा जादा भाव मिळत असेल तर तितक्याच कसाचं सोनं वापरूनही खोटारड्याला नफा होतो. त्यामुळे सराफाकडची कसोटी आणि वजनकाटा दोन्ही पार होतात. चिन्हं दुसरीकडे शोधावी लागतात : अक्षरांच्या कडा मऊ, पृष्ठभागावर एकाच जागी उठणारे बारीक खड्डे, कडेच्या रेघांची अनियमितता. हे ओळखणं शिकेपर्यंत स्लॅबशिवाय नाणं घेऊ नये. आता स्लॅबचीही नक्कल होते. म्हणून क्रमांक तपासावा आणि छायाचित्रातले ओरखडे हातातल्या नाण्याशी जुळतात का, हे पाहावं.

दुसरा धोका खराब केलेल्या नाण्यांचा. जुन्या नाण्याला पेंडंटमध्ये अडकवण्याची हौस अमेरिकेतही होती. अशा नाण्याच्या कडेवर डागाची किंवा कड्याच्या जोडाची खूण राहते. मग त्याचा दुर्मीळपणाचा भाव बहुतेक सगळा जातो. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचंही तेच. दिवाळीच्या आधी घरातलं सोनं रिठ्याच्या पाण्याने उजळण्याची आपली सवय इथे कटाक्षाने सोडावी. नाणं पुसू नये, धुऊ नये, बोटं फक्त कडेवर ठेवून धरावं. तांबूस ठिपके दिसले तरी हात लावू नये. मिश्रधातूतल्या तांब्यामुळे ते येतात. सुटं नाणं मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवू नये, त्यातून हिरवट थर चढतो.

कुठून घ्यावं

पहिली खरेदी पुस्तकाची असावी. १९४६ पासून निघणारं आणि रेड बुक या नावाने ओळखलं जाणारं वार्षिक पुस्तक अमेरिकेतल्या पुष्कळ ग्रंथालयांत मिळतं. पीसीजीएसच्या कॉइनफॅक्ट्स या भागात प्रत्येक नाण्याची छायाचित्रं आणि माहिती विनामूल्य आहे. भाव बघायचा तो पुस्तकातला नव्हे, प्रत्यक्ष लिलावात मिळालेला. हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स या लिलावसंस्थांच्या जुन्या विक्रीची नोंद त्यांच्या संकेतस्थळांवर आहे. तेच साल, तीच टांकसाळ, तीच प्रत असलेल्या निदान पाच विक्री पाहाव्यात. लिलावात घेताना बोलीवर साधारण पाचव्या हिश्श्याइतकं शुल्क खरेदीदाराला वेगळं भरावं लागतं. बोली लावण्याआधीच ते हिशोबात धरावं.

१८९१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन कोलोरॅडो स्प्रिंग्जला आहे. तिचं वार्षिक प्रदर्शन आणि जानेवारीत फ्लोरिडात भरणारं मोठं प्रदर्शन इथे शेकडो विक्रेते एका छपराखाली भेटतात. एका दिवसात इतकी नाणी पाहण्याची संधी दुसरीकडे मिळत नाही. पहिल्यांदा जाताना पैसे घरी ठेवून जावं. नुसतं बघावं, विचारावं, आणि प्रत्येक विक्रेत्याला दोन भाव विचारावेत : हे नाणं मला कितीला द्याल, आणि उद्या मीच आणलं तर कितीला घ्याल? दोन्हींतलं अंतर हा आपला खरा खर्च. सरळ व्यापारी या प्रश्नाचं उत्तर न अडखळता देतो.

टाळायचे आहेत ते फोनवरून आणि दूरचित्रवाणीच्या जाहिरातींतून विकणारे. त्यांचा ठरलेला युक्तिवाद असा की १९३३ मध्ये संग्राहकांच्या नाण्यांना सूट होती, म्हणून सरकार पुन्हा सोनं जप्त करेल तेव्हा जुनी नाणीच वाचतील. हे भय दाखवून मोडीच्या भावाच्या जवळची सामान्य नाणी अव्वाच्या सव्वा किमतीला गळ्यात मारली जातात. १९३३ च्या हुकमातली सूट हा इतिहास आहे, भविष्याची हमी नव्हे. भय दाखवून विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नये, आणि निवृत्त आई-वडिलांना असे फोन येतात का, हेही विचारून ठेवावं.

भाव नुसते वरच जातात, या भ्रमातही राहू नये. १९८० च्या दशकाच्या शेवटी स्लॅबमुळे दुर्मीळ नाणी शेअरसारखी विकता येतील असं मानून वॉल स्ट्रीटचा पैसा या बाजारात आला. १९८९ मध्ये भाव शिखरावर गेले, १९९० मध्ये कोसळले, आणि पुष्कळ नाण्यांना ते शिखर पुन्हा गाठायला फार वर्षं लागली. ही नाणी व्याज देत नाहीत, लाभांश देत नाहीत, आणि विकायला वेळ घेतात. ज्या पैशांची दहा वर्षं गरज नाही तेवढेच इथे घालावेत. फक्त सोनंच हवं असेल तर नव्या अमेरिकन ईगल नाण्यांचा किंवा गोल्ड ईटीएफचा मार्ग स्वस्त आणि सोपा आहे.

अमेरिकेतला कर आणि विमा

अमेरिकेच्या करकायद्यात ही नाणी संग्राह्य वस्तूंत मोडतात. एक वर्षाहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर कमाल २८ टक्के कर लागतो, शेअरच्या दीर्घकालीन नफ्यापेक्षा जास्त. आयआरए या निवृत्तिखात्यात नवं अमेरिकन ईगल ठेवता येतं, १९३३ पूर्वीची ही नाणी ठेवता येत नाहीत. कुणी ठेवता येतात म्हणून सांगितलं तर तिथूनच निघावं. विक्रीकर राज्यागणिक बदलतो, खरेदीआधी आपल्या राज्याचा नियम पाहावा. दहा हजार डॉलरहून जास्त रोख दिल्यास व्यापाऱ्याला ते सरकारला कळवावं लागतं. त्यात गैर काही नाही, मात्र पावती जपून ठेवावी.

घराच्या नेहमीच्या विम्यात नाण्यांसाठीची मर्यादा पुष्कळदा काहीशे डॉलरचीच असते. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना ठेव विम्याचं संरक्षण नसतं. म्हणून संग्रहासाठी वेगळा विमा घ्यावा आणि त्याचा वार्षिक खर्च गुंतवणुकीच्या हिशोबात धरावा.

भारतात आणावीत का?

शक्यतो आणू नयेत. याची कारणं तीन. पहिलं, परदेशातून येताना मिळणारी सोन्याची सवलत दागिन्यांसाठी आहे, नाण्यांसाठी नाही. विमानतळावर लाल मार्गाने जाऊन नाणी जाहीर करावी लागतात आणि शुल्क भरावं लागतं. दर आणि अटी बदलत असतात, म्हणून निघण्याआधी सीमाशुल्क खात्याचा ताजा नियम पाहावा. पोस्टाने किंवा कुरिअरने मागवू नयेत.

दुसरं, १९७२ च्या पुरातन वस्तू व कलाठेवा कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाचं, शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरातन वस्तू ठरू शकतं आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९०४ चं नाणं इथे आणलं आणि पुढे अमेरिकेत विकायचं ठरवलं, तर अडचण येऊ शकते.

तिसरं आणि व्यवहारात सर्वांत महत्त्वाचं : या नाण्यांचं गिऱ्हाईक अमेरिकेत आहे. इथला सराफ स्लॅब फोडून २१.६ कॅरेटचा मोडीचा भाव देईल. दुर्मीळपणासाठी मोजलेले पैसे तिथेच बुडतील. भारतात कर भरणाऱ्या रहिवाशाची नाणी अमेरिकेत ठेवलेली असतील, तर ती परदेशी मालमत्ता म्हणून विवरणपत्रात दाखवावी लागतात. त्यासाठी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

नोंद आणि वारस

संग्रहाचं सर्वांत मोठं नुकसान बाजार करत नाही, अज्ञान करतं. जमवणारा माणूस जातो, मुलांना काय आहे ते ठाऊक नसतं, आणि सोनं विकत घेणाऱ्या पहिल्याच दुकानात सगळी नाणी वजनावर जातात. म्हणून प्रत्येक नाण्याची एक ओळ लिहून ठेवावी : दर्शनी किंमत, साल, टांकसाळ, प्रत, स्लॅबचा क्रमांक, कधी आणि कुणाकडून घेतलं, कितीला. त्यातलं मोडीचं किती आणि जादा किती, हेही. जोडीला दोन्ही बाजूंची छायाचित्रं आणि पावत्या. कोणती नाणी डीलरला वजनावर द्यायला हरकत नाही आणि कोणती लिलावातच विकायची, हे स्पष्ट लिहावं. ज्या दोन-तीन व्यापाऱ्यांवर आपला विश्वास आहे त्यांची नावंही द्यावीत. ही वही कुठे आहे ते पती किंवा पत्नीला आणि निदान एका मुलाला सांगितलेलं असावं.

पहिल्या वर्षाचा कार्यक्रम सोपा ठेवावा. पुस्तक वाचावं, दोन प्रदर्शनं बघावीत, लिलावांच्या नोंदी चाळाव्यात, आणि मग १९०४ किंवा १९२४ चं एक डबल ईगल घ्यावं, मोडीच्या भावाला जमेल तितकं धरून. ते नाणं सहा महिने बघावं, त्याच प्रतीच्या इतर नाण्यांशी ताडून पाहावं. आपली नजर स्लॅबवरच्या आकड्याशी जुळू लागली की दुसरं घ्यावं, आणि तेव्हा दुर्मीळपणासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. नजर जुळत नसेल, तर निदान सोनं हाती आहे. अभ्यास चालू ठेवून थांबावं. या बाजारात घाई करून कुणाचं भलं झालेलं नाही, आणि थांबणाऱ्याला नाणी मिळत राहतात.